आग कुणी लावली?

अंटार्क्टिका वगळला तर पृथ्वीवरच्या मोठ्या भूभागांपैकी माणसाचे पाऊल सगळ्यात शेवटी पडले ते न्यूझीलंडवर, साधारण तेराव्या शतकात. पॉलिनेशियाच्या बेटांवरून होड्या हाकत आलेल्या या लोकांना, म्हणजे आजच्या माओरींच्या पूर्वजांना, दक्षिण बेटावर दाट जंगल भेटले. वटवाघळे सोडली तर त्या जंगलात एकही सस्तन प्राणी नव्हता. चरण्याचे काम मोआ नावाचे धिप्पाड, न उडणारे पक्षी करत. वीज पडून लागणारे वणवे इतके विरळ होते की एकाच डोंगराला पुन्हा आग लागायला कित्येक शतके जावीत. तिथल्या झाडांना आगीची सवयच नव्हती. जळलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटणे किंवा वणव्यानंतर बी उगवून येणे, या आपल्या पानगळीच्या जंगलाला येणाऱ्या गोष्टी त्यांना फारशा येत नव्हत्या. माणूस आला, आणि पुढच्या एक-दोन शतकांत दक्षिण बेटावरचे चाळीस टक्क्यांहून अधिक जंगल गेले. त्या जागी नेचे आणि झुपकेदार गवत माजले.

यात विचारण्यासारखे काय उरले, असे कुणालाही वाटेल. पण दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही. त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला असेल तर? माणसे किनाऱ्यावर राहत असतील आणि आतले डोंगर विजेने पेटले असतील तर? आलेल्या लोकांची संख्या जेमतेम काही शे ते एक-दोन हजार असावी असा अंदाज आहे. एवढ्या मूठभर लोकांनी बेटावरचे जवळजवळ अर्धे जंगल संपवले, हा लहानसहान आरोप नव्हे. तो करायचा तर पुरावा तसाच पक्का हवा.

जुन्या आगींचा अभ्यास सगळीकडे याच वळणावर येऊन थांबतो. आग लागली होती एवढे सिद्ध करणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. ती माणसाने लावली की हवामानाने, हे ठरवणे अवघड आहे. त्यासाठी आगीमागे उरणाऱ्या रेणूंची ओळख करून घ्यावी लागते.

सगळ्यात जुनी आणि सोपी खूण कोळशाची. कोळसा कुजत नाही. जमिनीवर झाडोरा उगवू लागला त्या काळातले, म्हणजे चाळीस कोटी वर्षांहून जुने कोळशाचे तुकडे खडकांत सापडले आहेत. तळ्याच्या तळाशी वर्षानुवर्षे गाळ बसतो, त्यात आसपासच्या वणव्यांचे कोळशाचे कण येऊन पडतात. गाळाचा उभा स्तंभ काढायचा, थराथराने कापायचा, चाळायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजायचे. पद्धत किचकट असली तरी भरवशाची आहे. पण कण काळा दिसतो यापलीकडे तो फार थोडे सांगतो. मोठे कण जवळच्या आगीचे, बारीक कण लांबून आलेले, एवढा ढोबळ हिशेब करता येतो. काय जळत होते हे क्वचितच कळते.

मग संशोधक धुराकडे वळले. राखेत पालाश भरपूर असतो हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. १९८० च्या दशकात हवेतल्या बारीक कणांमधला हाच पालाश, म्हणजे पोटॅशियम, धुराची खूण म्हणून वापरात आला. अडचण अशी की पोटॅशियम मातीच्या धुळीतही असते आणि समुद्राच्या तुषारांतही. धूळ आणि मीठ वजा करून उरेल ते आगीचे मानायचे, आणि वजाबाकी जरा चुकली की निष्कर्षच बदलायचा. फक्त आगीतच तयार होणारे असे काहीतरी हवे होते.

ते सेल्युलोजमध्ये सापडले. लाकूड, गवत, पालापाचोळा, भाताचा पेंढा, शेणाची गोवरी, काहीही पेटवले तरी त्यात जळणारा एक मुख्य पदार्थ सेल्युलोज असतो. ग्लुकोजचे हजारो रेणू एकापुढे एक जोडून झालेली ही साखळी आहे. तापमान ३०० अंश सेल्सियसच्या आसपास गेले की ती तुटू लागते. तुटून सुटलेला दुवा स्वतःशीच गाठ बांधतो, त्याचा पहिला आणि सहावा कार्बन ऑक्सिजनच्या पुलाने जोडले जातात. ग्लुकोजपेक्षा पाण्याचा एक रेणू कमी असलेली ही साखर म्हणजे लेव्होग्लुकोसान. १९१८ मध्ये जिनिव्हाचे रसायनशास्त्रज्ञ आमे पिक्टे आणि त्यांचे सहकारी सारासिन यांनी निर्वात पात्रात सेल्युलोज तापवून ती मिळवली होती. पात्रातून काकवीसारखा दाट रस निघतो आणि त्यात तिचे स्फटिक धरतात. पिक्टे यांना वणव्यांशी काही देणेघेणे नव्हते.

या साखरेला वणव्याची ओळखखूण म्हणून मान मिळाला तो १९९९ मध्ये. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठातले बर्न्ड सिमोनाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या लाकडांचा धूर तपासून दाखवले की त्यातल्या कणांमध्ये लेव्होग्लुकोसान इतर बहुतेक सेंद्रिय पदार्थांपेक्षा कितीतरी जास्त असते. पेट्रोल, डिझेल आणि दगडी कोळसा यांत सेल्युलोज उरलेले नसल्यामुळे त्यांच्या धुरात ते येत नाही. तपकिरी कोळसा म्हणजे लिग्नाइट याला अपवाद आहे. त्यातले लाकूड पुरते कोळसा झालेले नसते, म्हणून त्याच्या धुरातही ही साखर सापडते. औद्योगिक काळाच्या अगोदरच्या आगी शोधताना मात्र हा अपवाद फारसा आड येत नाही.

आग कशी जळते यावरही या साखरेचे प्रमाण ठरते. कोकणात, मावळात आणि सह्याद्रीच्या घाटाखालच्या पट्ट्यात भाताची रोपे टाकण्यापूर्वी राब भाजतात. वाफ्यावर शेण, काटक्या, पातेरा, गवत यांचे थर घालायचे, वरून माती पसरायची आणि वाऱ्याची दिशा बघून खालून पेटवायचे. वर माती असल्यामुळे ज्वाळा उठत नाहीत, राब तासन्‌तास धुमसत राहतो आणि पांढरा, जड, डोळे चुरचुरवणारा धूर रेंगाळतो. सेल्युलोज जळून खाक होण्याआधी नुसते तापून तुटावे यासाठी याहून सोयीची रीत नाही. ज्वाळा लखलखीत असतील तर हीच साखर पुढे जळून कार्बन डायऑक्साइड होते. मागे उरलेल्या कोळशातही ती मंद आचेच्याच कोळशात सापडते. ३५० अंशांच्या वर तापलेल्या कोळशात तिचा जवळजवळ पत्ता नसतो. म्हणून एखाद्या थरात ही साखर कमी दिसली तर आगी कमी लागल्या असे लगेच म्हणता येत नाही. कदाचित त्या जास्त भडकल्या असतील. ही गोष्ट अनेक लेखांत नुसती ओझरती येते. माझ्या मते ती पहिल्या परिच्छेदात यायला हवी.

सेल्युलोजच्या जोडीला वनस्पतीत हेमिसेल्युलोज असते. ते तापले की लेव्होग्लुकोसानची दोन भावंडे तयार होतात, मॅनोसान आणि गॅलॅक्टोसान. तिघांमध्ये अणू तेच आणि तितकेच, फक्त मांडणी वेगळी. देवदार-पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या हेमिसेल्युलोजमध्ये मॅनोज साखर जास्त, त्यामुळे त्यांच्या धुरात लेव्होग्लुकोसान मॅनोसानच्या तीन ते पाच पट असते. रुंद पानांच्या झाडांच्या धुरात ते दहापटीच्या पुढे जाते, आणि भाताच्या पेंढ्याच्या धुरात चाळीस पटीच्या आसपासही मोजले गेले आहे. आकडे प्रत्येक प्रयोगात थोडे हलतात, एकमेकांच्या हद्दीतही शिरतात. तरी जंगल जळले की शेत, याचा अंदाज घ्यायला हे गुणोत्तर उपयोगी पडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिल्लीच्या हवेतला पेंढ्याचा धूर आणि वाहनांचा धूर वेगळा करू पाहणारे आजचे अभ्यासकही हाच रेणू मोजतात.

लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन याहून बोलके आहे. त्याची बांधणी झाडाच्या गटाप्रमाणे बदलते आणि जळताना तो फरक धुरात उतरतो. सूचिपर्णी झाडांच्या धुरात व्हॅनिलिक आम्ल येते. रुंद पानांच्या झाडांच्या धुरात त्याच्या जोडीला सिरिंजिक आम्ल असते. गवताच्या धुरात पॅरा-हायड्रॉक्सिबेन्झोइक आम्लाचा वाटा वाढतो. पाइनच्या राळेतून डीहायड्रोॲबिएटिक आम्ल निघते, आणि ते दिसले तर सूचिपर्णी जंगल जळाले याबद्दल फारशी शंका उरत नाही. २००७ मध्ये जोसेफ मॅकॉनेल आणि सहकाऱ्यांनी ग्रीनलंडच्या बर्फातली काजळी मोजली तेव्हा याच व्हॅनिलिक आम्लाने त्यांना तारले. १८५० नंतर काजळी झपाट्याने वाढत १९०६ ते १९१० च्या सुमारास शिखराला पोहोचलेली दिसत होती. ती वणव्यांची की कारखान्यांची? व्हॅनिलिक आम्ल त्या प्रमाणात वाढले नव्हते, वाढले होते ते गंधक. म्हणजे जबाबदारी कारखान्यांच्या आणि घराघरांतल्या दगडी कोळशाची होती.

आगीच्या धुरात अनेक कड्यांची हायड्रोकार्बनेही असतात. यांत तीन-चार कड्यांचे हलके रेणू वाऱ्यावर लांब जातात, पाच-सहा कड्यांचे जड रेणू आगीच्या जवळच बसतात. या साध्या फरकावर आर्मेनियातल्या लुसाकेर्त गुहेत एक सुंदर अभ्यास झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ६०,००० ते ४०,००० वर्षांपूर्वी या गुहेत निअँडरथल राहत होते. गुहेच्या मातीत हलके रेणू जास्त असलेले थर आणि दगडी हत्यारे जास्त असलेले थर यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. जड रेणू मात्र हत्यारांच्या सोबतीने वाढत आणि कमी होत होते. बाहेर वणवे जास्त होते म्हणून गुहेत आग आली असे नव्हते. पानांवरच्या मेणातल्या समस्थानिकांवरून त्या काळचा कोरडेपणा काढला, तर त्याचाही या आगीशी संबंध दिसला नाही. गुहेतली आग गुहेतल्या लोकांची होती. आग कुणी लावली याचे उत्तर इथे आगीच्या एकट्या खुणेने दिलेले नाही. दोन प्रकारची आगखूण, हत्यारांची मोजणी आणि पावसाचा अंदाज या चौघांना शेजारी ठेवल्यावर ते मिळाले.

रेणू मोजण्याचे काम किती नाजूक आहे हे जवळून पाहण्यासारखे आहे. तळ्याचा गाळ असेल तर तो गोठवून निर्वातात वाळवतात, खलात घोटतात आणि सेंद्रिय द्रावकाने त्यातले रेणू काढून घेतात. त्याआधीच नमुन्यात माहीत मात्रेत एक खास लेव्होग्लुकोसान मिसळतात. त्यातले कार्बनचे अणू नेहमीच्या १२ ऐवजी १३ वजनाचे असतात. पुढच्या पायऱ्यांत नमुन्यातली साखर जेवढी वाया जाईल तेवढ्याच प्रमाणात ही जड साखरही वाया जाते, आणि शेवटी जड किती उरली यावरून मूळ साखर किती होती याचा हिशेब लागतो. साखर तापवली तर वाफ होण्याऐवजी जळते, म्हणून तिच्या हायड्रॉक्सिल टोकांवर सिलिकॉनयुक्त टोप्या चढवतात. मग ती वायू होऊन नळीतून वाहू शकते. नळीच्या शेवटी वस्तुमान वर्णपटमापी तिचे तुकडे करतो. २०४, २१७ आणि ३३३ वजनाचे तुकडे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या प्रमाणात आले की लेव्होग्लुकोसान सापडले. मॅनोसान आणि गॅलॅक्टोसानचे तुकडे सारख्याच वजनांचे असतात. ती भावंडे ओळखायची ती नळीतून बाहेर पडण्याच्या वेळेवरून.

ध्रुवीय बर्फात काम याहून कठीण. तिथे एका मिलिलिटर पाण्यात ही साखर पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागांत मोजावी लागते. व्हेनिसमधल्या का' फोस्कारी विद्यापीठाच्या गटाने अंटार्क्टिकाच्या बर्फासाठी अशी पद्धत २००८ मध्ये प्रसिद्ध केली. इतक्या खालच्या पातळीवर आजूबाजूचे सगळे जगच शत्रू होते. विडीकाडीच्या धुरात लेव्होग्लुकोसान असते, कारण तंबाखूही पानच आहे. उदबत्तीच्या धुरात ते भरपूर असते. म्हणून बर्फाच्या स्तंभाची बाहेरची साल, जिला हात आणि यंत्रे लागलेली असतात, काढून टाकतात आणि आतला गाभाच गाळलेल्या हवेच्या खोलीत वितळवतात.

याच गटाने उत्तर ग्रीनलंडमधल्या नीम या ठिकाणचा बर्फ हाती घेतला. तिथे अडीच किलोमीटरहून खोल भोक घेऊन २०१० मध्ये तळाचा खडक गाठला गेला होता. गेल्या २,००० वर्षांच्या बर्फात लेव्होग्लुकोसानचा सगळ्यात मोठा काळ निघाला १५०० ते १७०० या दोन शतकांचा. मध्य आणि उत्तर आशियातल्या लांबलेल्या दुष्काळांचा हाच काळ आहे. सायबेरियाची जंगले वाळली, पेटली, आणि धूर ध्रुवाकडे गेला. इथे हवामानाने आग लावली असे म्हणायला जागा आहे.

पण संशोधक मागे मागे, १५,००० वर्षांपर्यंत गेले तेव्हा एक उंचवटा असा दिसला जो हवामानात बसेना. लेव्होग्लुकोसान सुमारे २,५०० वर्षांपूर्वी शिगेला पोहोचले होते. उन्हाळी ऊन, तापमान, बर्फाच्या चादरींचा विस्तार, कशाचाच आलेख त्याच्याशी जुळत नव्हता. जुळत होती ती युरोपात शेतीसाठी चाललेली जंगलतोड. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या लेखाच्या शीर्षकातच प्रश्न होता की ३,००० वर्षांपूर्वी पेटलेला युरोप कुणी मुद्दाम पेटवला की हवामानाने. माणसाने कारखान्यांच्या कितीतरी आधी, शेतीच्या सुरुवातीपासून, हवामानात ढवळाढवळ केली असे अभ्यासक विल्यम रुडिमन २००३ पासून मांडत होते. या उंचवट्याने त्यांच्या म्हणण्याला वजन आले, पण तेवढ्याने निकाल लागला असे मला वाटत नाही. इथे माणसाचा पुरावा थेट नाही. हवामान नाही, म्हणून माणूस, असा तो वजाबाकीचा पुरावा आहे.

न्यूझीलंडमध्ये ही कमतरता भरून निघाली, आणि ज्या पदार्थाने ती भरली त्याचा आगीशी काही संबंध नाही. आपण खाल्लेले कोलेस्टेरॉल आतड्यातले जिवाणू बदलतात आणि त्याचे कोप्रोस्टॅनॉल होते. माणसाच्या विष्ठेत ते ठळक असते. चरणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत वनस्पतींच्या स्टेरॉलपासून झालेले वेगळे रेणू भरतात. हे रेणू पावसाबरोबर तळ्यात जातात, गाळाला चिकटतात आणि शतकानुशतके टिकतात. ज्या बेटावर आधी जमिनीवर फिरणारे सस्तन प्राणीच नव्हते, तिथे तळ्याच्या गाळात कोप्रोस्टॅनॉल वाढले तर काठावर माणसे राहत होती याला दुसरे कारण शोधावे लागत नाही.

एलेना आर्जिरियादिस आणि सहकाऱ्यांनी दक्षिण बेटावरच्या कर्कपॅट्रिक आणि डायमंड या दोन तळ्यांच्या गाळात हे सगळे एकाच वेळी मोजले: लेव्होग्लुकोसान आणि त्याची भावंडे, अनेक कड्यांची हायड्रोकार्बने, कोळसा, परागकण आणि विष्ठेतले स्टेरॉल. अभ्यास २०१८ मध्ये आला. माणसाची पहिली चाहूल आणि पहिल्या मोठ्या आगीची खूण एकाच थरात निघाली, इसवी सन १३५० च्या आसपास. किनाऱ्यावर वस्ती आणि आत वीज, ही शंका या दोन तळ्यांपुरती मिटली. माणसे त्याच खोऱ्यात होती. आणि आणखी एक गोष्ट दिसली. त्यानंतर लवकरच विष्ठेच्या खुणा ओसरल्या. लोक आले, खोरे पेटवले आणि बहुधा पुढे निघून गेले. जंगल मात्र परत आले नाही. कशासाठी पेटवले हे रेणू सांगत नाहीत. वाट मोकळी करायला, शिकारीला, की कंदासारखी खाता येणारी नेच्याची मुळे वाढावीत म्हणून?

या आगींचा धूर कुठवर गेला ते २०२१ मध्ये उघड झाले. मॅकॉनेल यांच्या चमूने अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पाजवळच्या जेम्स रॉस बेटावरच्या बर्फातली काजळी मोजली. मोजण्याची रीत मला फार आवडते. बर्फ वितळवून त्याचे तुषार लेझरच्या झोतातून सोडतात, काजळीचा एकेक कण तापून उजळतो आणि तो किती उजळला यावरून त्याचे वजन कळते. जेम्स रॉस बेटावर साधारण १३०० पासून काजळी वाढत जाऊन तिप्पट झालेली दिसली. खंडाच्या आतल्या भागातल्या बर्फात अशी वाढ नव्हती. वाऱ्यांची गणिते मांडल्यावर उगम ४० अंश दक्षिणेच्या पलीकडे असला पाहिजे असे निघाले. त्या पट्ट्यात जंगल पेटेल अशा जागा तीनच: टास्मानिया, पॅटागोनिया आणि न्यूझीलंड. तिन्ही ठिकाणच्या तळ्यांतला कोळसा पाहिला तर तेव्हा आगी वाढलेल्या होत्या फक्त न्यूझीलंडमध्ये. मूठभर लोकांच्या हातून लागलेल्या वणव्यांची काजळी हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून अंटार्क्टिकावर बसली. औद्योगिक क्रांतीपूर्वीची हवा स्वच्छ होती असे धरून आपण जे हिशेब मांडतो, ते यामुळे पुन्हा तपासावे लागतात.

आता या रेणूच्या कमजोर बाजूबद्दल. लेव्होग्लुकोसान हवेत अनेक दिवस जसेच्या तसे राहते असा सुरुवातीला समज होता. पुढच्या प्रयोगांत दिसले की उन्हाळी उन्हात, हवेतल्या हायड्रॉक्सिल मूलकांच्या माऱ्यात ते एक-दोन दिवसांतही बरेच कमी होऊ शकते. ग्रीनलंडला पोहोचलेली मात्रा म्हणजे निघालेली मात्रा नव्हे. जमिनीवर तर ही साखरच आहे. काही बुरश्या आणि जिवाणू ती आवडीने खातात. उबदार, हवा खेळत्या मातीत आणि वाहत्या पाण्यात ती टिकणे कठीण. राबातली बरीचशी साखर पहिल्या पावसाबरोबर ओढ्याला लागत असेल, पण ती तिथे किती दिवस राहील सांगता येत नाही. ती टिकते ती थंडीत, किंवा प्राणवायू नसलेल्या गाळात, किंवा कोळशाच्या पोटात. ब्राझीलमधल्या काराजास भागातल्या तळ्याच्या गाळात हजारो वर्षांपूर्वीचे लेव्होग्लुकोसान कोळशाच्या शिखरांबरोबरच सापडल्याचे २००१ मध्ये दाखवले गेले, म्हणजे उष्ण प्रदेशातही ते अशक्य नाही. ऑस्ट्रेलियात संशोधकांनी गुहांतल्या चुनखडीच्या स्तंभांकडे मोर्चा वळवला आहे. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातल्या गोल्गोथा गुहेच्या स्तंभात १८९७ च्या एका भीषण आगीची राख थरात उतरलेली दिसते. मोठा दुष्काळ होता हे खरे. पण त्याआधी तिथल्या मूळ रहिवाशांची थोड्या थोड्या भागात मंद आग लावून रान साफ ठेवण्याची रीत बंद पडली होती आणि जळाऊ पाचोळा साठत गेला होता, हेही संशोधकांनी नोंदवले आहे. इथे आग लागण्याचे कारण माणसाने आग लावणे थांबवले हे असावे.

महाराष्ट्रात हाच प्रश्न लोणारच्या गाळात विचारला गेला. बुलढाणा जिल्ह्यातले हे उल्काघाती विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. पाणी खारे आणि अल्कधर्मी, तळाशी प्राणवायू नाही, त्यामुळे गाळाचे थर बरेचसे न ढवळता राहिले आहेत आणि त्यांत होलोसीन काळाची, म्हणजे गेल्या दहा-अकरा हजार वर्षांची नोंद आहे. तिथे विचारला गेलेला प्रश्न आपल्या रोजच्या परिसराचा आहे. देशावरची, विदर्भ-मराठवाड्यातली विरळ झाडांची गवताळ माळराने मूळची आहेत, की माणसाने जंगल तोडून, जाळून आणि गुरे चारून ती केली? इंग्रजी अमदानीपासून वनशास्त्राचा कल दुसऱ्या उत्तराकडे राहिला. माळ म्हणजे बिघडलेले जंगल, म्हणून कागदोपत्री पडीक जमीन, आणि म्हणून तिथे झाडे लावणे हे पुण्यकर्म.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोणारच्या गाळातल्या वनस्पतींच्या, पावसाच्या, आगीच्या आणि माणसाच्या वावराच्या खुणा शेजारी शेजारी मांडल्या गेल्या. सुमारे ६,००० वर्षांपूर्वीपासून जंगल मागे हटू लागले आणि माळरान पसरू लागले. त्या वेळी आगीच्या स्वरूपात असा काही बदल नव्हता की ज्याने हे घडावे. माणसाचा दबावही तेवढा नव्हता. बदलला होता तो पाऊस, मॉन्सून अशक्त होत गेला होता. संशोधकांनी पुढे जाऊन असे सुचवले की शेती आणि गुरेपालन आले म्हणून माळ झाला नाही, तर माळ पसरला म्हणून या भागात शेती, गुरे आणि स्थिर वस्ती येऊ शकली. अलीकडे तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातले रानझाडांचे उल्लेख तपासले गेले, त्यांतही माळरानात वाढणाऱ्या झाडांचीच संख्या मोठी निघाली.

न्यूझीलंडमध्ये ज्या पद्धतीने माणसावरचा आरोप सिद्ध झाला, तशाच, वेगवेगळ्या खुणा शेजारी ठेवण्याच्या पद्धतीने इथे तो माणसावरून निघाला. त्याचा परिणाम आजच्या जमिनीवर होतो. माळढोक, तणमोर, लांडगा, काळवीट आणि मेंढपाळ धनगरांचे कळप ज्या जमिनीवर जगतात तिला बिघडलेले जंगल समजून तिथे खड्डे खणायचे आणि गिरिपुष्पाची रोपे लावायची, याला लोणारच्या गाळात आधार नाही. राब किंवा माळाला दरवर्षी लावल्या जाणाऱ्या आगी बऱ्या की वाईट, हा वेगळा प्रश्न आहे. सरसकट वणव्यांनी गवताचे बी आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी मरतात हे खरेच आहे. पण त्याचे उत्तर शोधताना सहा हजार वर्षांपूर्वीचा माळ आगीने झाला, असे आता कुणी गृहीत धरू नये. लोणारच्या तळाशी अजून पुष्कळ गाळ शाबूत आहे. त्याच्या थराथरातून लेव्होग्लुकोसान, मॅनोसान आणि विष्ठेतले स्टेरॉल मोजले गेले, तर दख्खनच्या पठारावर पहिली शेते कधी भाजली गेली आणि गुरे तळ्यावर कधी उतरू लागली, हेही कळू शकेल.